साठ गोळ्यांतले दोन चमचे

मराठी घरात व्हिनेगर शिरलं ते चायनीजचं बोट धरून. सोया सॉस, चिली सॉस आणि व्हिनेगर अशा तीन बाटल्या फ्रिजच्या दारात वर्षानुवर्षं उभ्या असायच्या. रविवारी नूडल्सचा घाट घातला की तिघींना खाली उतरवायचं, अर्धा-अर्धा चमचा काढायचा आणि परत जागेवर ठेवायचं. यातली व्हिनेगरची बाटली चायनीज करून संपली, असं एकही घर सापडणार नाही. ती शेवटी नळावरचे क्षाराचे डाग घालवण्यात खर्ची पडे. तिच्यावर 'सिंथेटिक, ॲसेटिक ॲसिडपासून बनवलेले' अशा अर्थाची ओळ छापलेली असते. कायद्यानं ती छापावीच लागते. पण ती कोणी वाचली नाही. त्या बाटलीकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती.

मग तिची श्रीमंत चुलतबहीण आली. सोनेरी-तपकिरी रंग, 'ॲपल सायडर' हे खानदानी नाव, तळाशी गढूळ साका आणि त्या साक्याला म्हणायचं 'मदर'. हिला फ्रिजच्या दारात कोणी उभं केलं नाही. ही थेट ओट्यावर, मधाच्या बरणीशेजारी विराजमान झाली. सकाळी उठून कोमट पाण्यात एक चमचा घालायचा आणि डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन गट्ट करायचा. जन्मभर कारल्याच्या भाजीला नाकं मुरडलेली माणसं हे निमूटपणे करू लागली. हेतू सरळ होता. पोट आत जावं. जमल्यास साखर खाली यावी, कोलेस्टेरॉल खाली यावं आणि चेहऱ्यावर तेवढं तेज वर यावं.

औषध घशाखाली उतरताना छळत असेल तरच ते लागू पडतं, ही आपली जुनी श्रद्धा. एरंडेल, काडेचिराईत, पाडव्याची कडुलिंबाची चटणी यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पोसली. त्या हिशेबानं व्हिनेगर फारच गुणी निघायला हवं होतं. दात आंबतात, घसा जळतो, पोटात ढवळतं. आणखी काय पाहिजे? अडचण एवढीच होती, की हे सगळं रोज, स्वतःहून, कोणी पाठीत धपाटा घालत नसताना करायचं होतं. पंधरा दिवसांत बाटली मागे सरकली आणि तिच्यापुढे प्रोटीन पावडरचा डबा येऊन बसला.

बाजाराला माणसाचा स्वभाव डॉक्टरांपेक्षा लवकर कळतो. २०१९ च्या सुमारास गोली न्यूट्रिशन नावाच्या कंपनीनं उत्तर अमेरिकेत व्हिनेगरची गमी विकायला काढली. लाल, मऊ, गोड, सफरचंदाच्या चवीची. ना ग्लास, ना कोमट पाणी, ना देवाचं नाव. पुढे करोना आला, सगळं जग घरी बसून रुंद होऊ लागलं आणि इन्स्टाग्रामवर सुंदर सुंदर माणसं ही गमी दातांत धरून हसू लागली. २०२४ मध्ये खुद्द त्या कंपनीवर दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यायची वेळ आली; पण तोवर गमीला मरण उरलं नव्हतं. भारतात आज तिचे डझनावारी भाऊबंद आहेत. कुठे गमी, कुठे पाण्यात फसफसणारी गोळी, कुठे कॅप्सूल. अशा फसफसणाऱ्या गोळ्या विकणाऱ्या प्लिक्स या मुंबईच्या ब्रँडमध्ये, पॅराशूट आणि सफोलावाल्या मॅरिकोनं २०२३ मध्ये निम्म्याहून अधिक हिस्सा घ्यायचं ठरवलं. म्हणजे या धंद्यात पैसा आहे, हे तरी निर्विवाद.

गमीनं मराठी कुटुंबव्यवस्थेत जी क्रांती केली, तिची नोंद मात्र अजून कोणी घेतलेली नाही. घरात मधुमेही आजोबा असतील, तर त्यांच्या वाटणीचं गोड दसऱ्यापासून होळीपर्यंत बंद असतं. श्रीखंड समोरून जातं, पुरणपोळी समोरून जाते. आणि मग एक दिवस मुलगा स्वतःच्या हातानं लाल गोळ्यांची डबी आणून देतो.

"आबा, चार झाल्या."

"औषध आहे ते."

"डबीवर दोन लिहिलंय."

"ते किमान."

आबांचा मुद्दा तसा बिनतोड असतो. साठ वर्षांच्या पथ्यपाण्यात पहिल्यांदाच डॉक्टरांच्या बाजूचं वाटणारं काहीतरी चवीला बरं लागतंय. नातवाला ते मिळत नाही म्हणून नातू रडतो. आजीला त्यात चॉकलेटसारखं काही दिसत नाही म्हणून ती परवानगी देते. रुग्ण, डॉक्टर, औषधविक्रेता आणि अपराधी असे चारही जण एकाच सोफ्यावर सुखानं नांदतात.

तसा आपला समाज या बाबतीत उदार आहे. शिवांबूपासून चुंबकाच्या गादीपर्यंत आपण कोणालाही दारातून परत पाठवलेलं नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी काचेच्या बरणीत 'मश्रूम टी'चा लिबलिबीत पापुद्रा पोसला जात होता. त्याची पिल्लं शेजारणीला हळदीकुंकवाच्या मायेनं वाटली जात. तोच पापुद्रा आज कोंबुचा या नावानं काचेच्या देखण्या बाटलीतून परत आला आहे. गंमत म्हणजे त्या पापुद्र्यात आणि व्हिनेगरच्या 'मदर'मध्ये एकाच गोत्रातले जिवाणू असतात. दुधीचा रस तर इतका बोकाळला होता, की कडू दुधीच्या रसानं दगावलेल्यांच्या बातम्या आल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीला 'रस कडू लागला तर पिऊ नका' असं सांगावं लागलं. कडू लागतंय म्हणजे गुणकारी असणार, या जुन्या श्रद्धेनं इथे थेट जिवावर घाला घातला होता. त्या मानानं गमी म्हणजे सात्त्विक मूर्ती.

आता मुद्द्याचं. व्हिनेगर काही करतं का? करतं, थोडंसं. सफरचंदाच्या रसातल्या साखरेचं यीस्ट आधी मद्य करतं आणि मग जिवाणू त्या मद्याचं ॲसेटिक ॲसिड करतात. खरं काम करतं ते हे ॲसिड. पाव, भात, बटाटा अशा पिठूळ जेवणाबरोबर ते पोटात गेलं तर जठर रिकामं व्हायला थोडा जास्त वेळ लागतो आणि साखर रक्तात जरा दमानं चढते. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरल जॉन्स्टन यांनी २००४ मध्ये यातला साखरेचा भाग दाखवला. त्यांनी लोकांना २० ग्रॅम व्हिनेगर पाण्यात घालून दिलं आणि वर बेगल, लोणी आणि संत्र्याचा रस असा भरभक्कम नाश्ता दिला. ज्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं, त्यांच्यात जेवणानंतरचं चित्र सुधारलेलं दिसलं. नंतरच्या काही छोट्या प्रयोगांत उपाशीपोटीची साखर आणि एकूण कोलेस्टेरॉलही जरा खाली आलेलं दिसतं. 'जरा' हा शब्द इथे महत्त्वाचा. औषध बंद करून व्हिनेगर सुरू करावं, इतकं ते खाली येत नाही.

आणि हे सगळं करणारं ॲसिड सगळ्याच व्हिनेगरांत असतं. उसाच्या, तांदळाच्या, द्राक्षाच्या, माडाच्या. फ्रिजच्या दारातल्या त्या गरीब बहिणीतसुद्धा. श्रीमंत बहिणीच्या अंगावर दागिने थोडे जास्त, एवढंच. 'मदर'मुळे माणसाला काही खास लाभ होतो, असं प्रयोगांनी सिद्ध केलेलं नाही.

वजनाचं काय? ज्याच्या नावानं ही सगळी दिंडी निघाली, तो विठोबा म्हणजे २००९ चा एक जपानी प्रयोग. जाड म्हणता येतील अशा १५५ माणसांना बारा आठवडे रोज एक पेय दिलं गेलं. एका गटाच्या पेयात १५ मिली व्हिनेगर, दुसऱ्याच्या ३० मिली, तिसऱ्याच्या पेयात व्हिनेगर नाही. बारा आठवड्यांनी १५ मिलीवाले सरासरी १.२ किलोनं उतरले, ३० मिलीवाले १.९ किलोनं आणि तिसऱ्या गटानं उलट थोडं वजन कमावलं. पेय थांबवल्यावर महिन्याभरात आकडे पुन्हा जुन्या घरी निघाले. संशोधक मिझकान या कंपनीचे होते. मिझकान १८०४ पासून व्हिनेगर बनवते. यात त्यांनी लबाडी केली असं मुळीच नाही. त्यांनी आकडे प्रामाणिकपणे मांडले, म्हणून तर आपल्याला कळतं की तीन महिने रोज दोन मोठे चमचे व्हिनेगर पिऊन माणूस दोन किलोसुद्धा उतरला नाही. गणपतीतले मोदक थांबवले तरी एवढं होतं.

आता हाच प्रयोग गमीवर करून बघू. कागद-पेन्सिल घ्या, कारण इथून पुढे व्हिनेगरपेक्षा गणित जास्त आंबट आहे.

बहुतेक डब्यांवर एका गमीत ५०० मिलिग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर असल्याचं लिहिलेलं असतं. पाचशे हा आकडा भारदस्त आहे. पॅरासिटामॉलही पाचशेची असते. पण पाचशे मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम. जेवणाचा मोठा चमचा १५ मिलीचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅमचा. तेव्हा एक चमचा व्हिनेगर पोटात जायला ३० गमीज खाव्या लागतील. डबीत असतात ६०. म्हणजे महिनाभर पुरवून खायच्या अख्ख्या डबीत व्हिनेगर किती? दोन चमचे.

दोन चमचे. जपानी माणूस जेवढं एका दिवसात पीत होता तेवढं.

म्हणजे त्या प्रयोगाची बरोबरी करायची तर रोज एक डबी फस्त करायला हवी. बारा आठवड्यांचे ८४ दिवस, ८४ डब्या, ५,०४० गमीज. एका गमीत साखर १ ग्रॅम धरली तरी तीन महिन्यांत पाच किलो साखर होते. पावणेदोन-दोन किलो वजन उतरवायला पाच किलो साखर खायची, हा आहारशास्त्राला नवा असला तरी व्यापाराला जुना हिशेब आहे. डबी पाचशे रुपयांची धरली तर खर्च ४२,००० रुपये. एवढ्यात मुंबईतल्या माणसाला वर्षभर जिममध्ये न जाता येईल. म्हणजे तो जिमची वर्षाची फी भरेल आणि जाणार नाही. निदान साखर तरी वाचेल.

यात वेळेचाही प्रश्न आहे. एक गमी चघळायला अर्धा मिनिट धरलं तर साठ गमीजना अर्धा तास लागतो. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोचवलेली दोन वेळा जेवणाची पद्धत पाळणाऱ्यांना जेवायला ५५ मिनिटं मिळतात. त्यातली तीस गमीला गेली तर पंचवीस मिनिटांत भाकरी, भाजी, आमटी आणि कोशिंबीर. शिवाय मधल्या वेळेत काही तोंडात टाकायचं नाही, हा त्या पद्धतीचा गाभा. आणि गमी तर दिवसातून दोन-तीनदा घ्या म्हणते. दोन्हींवर एकदम श्रद्धा ठेवणारी माणसं आहेत. मराठी माणूस मनानं मोठा असतो तो असा.

लोक म्हणतील, डबीवर 'मदरसह' असंही लिहिलेलं असतं, त्याचं काय? गमी कशी होते ते पाहिलं की याचं उत्तर मिळतं. साखर किंवा सिरप, पाणी आणि पेक्टिन एकत्र करून शंभर अंशांच्या पुढे उकळतात, मग त्यात आम्ल, रंग, चव घालून साच्यात ओततात. व्हिनेगरची 'मदर' म्हणजे जिवंत जिवाणू आणि त्यांनी विणलेला सेल्युलोजचा साका. एवढ्या चटक्यात मातोश्रींचं जे व्हायचं ते होतं. पुढे डबीवर उरतो तो फक्त त्यांचा फोटो. हार घालायचा तेवढा बाकी. आणि पेक्टिन कुठून येतं? लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि रस काढून झालेला सफरचंदाचा चोथा, यांतून. म्हणजे गमीत खरंखुरं सफरचंद कुठे असेलच, तर ते व्हिनेगरपेक्षा तिला घट्ट धरणाऱ्या चिकात असण्याची शक्यता जास्त.

व्हिनेगरचं घन रूप ही कल्पना मुळात नवी नाही. गमीच्या आधी गोळी होती आणि तिचं चरित्र फारसं उज्ज्वल नाही. अमेरिकेत एका बाईच्या घशात अशी गोळी अर्धा तास अडकून बसली आणि नंतर बरेच दिवस गिळायला त्रास झाला. संशोधकांनी बाजारातले आठ ब्रँड आणून तपासले. २००५ मध्ये त्यांनी लिहिलं ते असं: आकार वेगळा, आम्लता वेगळी, लेबलावरचे दावे वेगळे, आणि आत ॲपल सायडर व्हिनेगर आहे की नाही याचीच शंका. २०२० मध्ये कॅरल जॉन्स्टन यांच्याच चमूनं बाजारातल्या व्हिनेगरच्या गोळ्या आणि द्रव व्हिनेगर यांची तुलना केली. जेवणानंतरची साखर आवरण्यात गोळ्यांना द्रवाची सर आली नाही. व्हिनेगरविषयी जे काही थोडंबहुत चांगलं छापून आलं आहे, ते जवळजवळ सगळं ग्लासातून प्यायच्या व्हिनेगरविषयी आहे. गमी त्या पुण्याईवर जगते. आजोबांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेला असतो आणि नातू त्यावर तिकीट मागतो, त्यातला प्रकार.

गमी या जातीचा लेबलाशी असलेला संबंधही जरा सैलच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या मेलाटोनिनच्या २५ गमीज तपासल्या, त्यातल्या २२ मध्ये लेबलावर एक आणि आत दुसरंच प्रमाण निघालं. एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. ते लिहिणाऱ्याला शांत झोप लागली असावी.

मधल्या काळात व्हिनेगरवाल्यांना एक मोठा विजय मिळाला होता, तोही हातचा गेला. मार्च २०२४ मध्ये बीएमजे या नामांकित समूहाच्या एका नियतकालिकात लेबनॉनमधला प्रयोग छापून आला. बारा ते पंचवीस वयाची १२० वजनदार मुलंमुली, रोज ५ ते १५ मिली व्हिनेगर, बारा आठवडे. आणि वजन उतरलं तब्बल सहा ते आठ किलो! जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले. आपल्याकडच्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत ती बातमी 'सुप्रभात'च्या फुलांसकट फिरली. जपानी माणूस दुप्पट पिऊन दोन किलो उतरत नाही आणि लेबनॉनमधली मुलं एका चमच्यात आठ किलो कशी उतरतात, हे विचारणारे शास्त्रज्ञ निघाले. आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा निष्कर्ष जुळेनात, माहितीत विसंगती सापडल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. लेख मागे घेतला जातो. व्हॉट्सॲपवरचा संदेश मागे घेतला जात नाही. तो आजही नव्या फुलांसकट फिरतो आहे.

मग गमी खाऊन फरक पडला म्हणणारे लोक खोटं बोलतात का? अजिबात नाही. पाचशे रुपयांची डबी घेतल्यावर माणूस ती वाया जाऊ नये म्हणून सकाळी चालायला लागतो. संध्याकाळचा वडापाव सोडतो. रात्री दुसरी वाटी भात घेताना हात आखडतो. डबीवर बारीक अक्षरांत 'संतुलित आहार आणि व्यायामासोबत घेतल्यास' असं असतं, ते अशा रीतीनं नकळत पाळलं जातं. दोन महिन्यांत तीन किलो उतरतात आणि श्रेय कोणाला? कावळ्याला. फांदी तुटली ती वडापाव सोडल्यानं.

भारतीय डबीचा दर्शनी भाग आणि पाठ यांच्यात तर सासू-सुनेचा अबोला असतो. समोर चयापचय, डिटॉक्स, त्वचा, केस, आतडी, प्रतिकारशक्ती असा सगळा गोतावळा. मागे, एफएसएसएआयच्या नियमानुसार, 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना. एवढ्या आजारांवर एवढं काही करणारी वस्तू औषध नाही, हे ती स्वतःच कबूल करते. डिटॉक्सबद्दल बोलायचं तर ते खातं यकृत आणि मूत्रपिंडं पूर्वीपासून बिनपगारी सांभाळतात. 'ऊर्जा' हा शब्दही बहुतेक वेळा व्हिनेगरच्या जिवावर येत नाही. कंपन्या त्यात बी१२ आणि फोलिक ॲसिड मिसळतात आणि ऊर्जेचा दावा त्यांच्या खांद्यावर बसून येतो. शाकाहारी घरांत बी१२ खरोखरच कमी पडतं. पण त्यासाठी रक्त तपासून डॉक्टर लिहून देतील ती साधी गोळी पुरते. तिला सफरचंदाचा वास यायची गरज नसते.

ज्यांच्या स्वयंपाकात व्हिनेगर पिढ्यान्‌पिढ्या मुरलं आहे, त्यांच्याकडे मात्र हा गोंधळ दिसत नाही. गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर विंदालूत जातं, रेशादच्या मसाल्यात जातं आणि सोरपोतेलला ते दिवसेंदिवस टिकवतं. तिसऱ्या दिवशीचं सोरपोतेल पहिल्या दिवसापेक्षा चांगलं, यावर सगळ्या गोव्याचं एकमत आहे. सोरपोतेल खाऊन कोणी बारीक झाल्याची नोंद पोर्तुगीज दप्तरातही नसावी. मुंबईचे पारशी नवसारीच्या कोलाह यांचं उसाचं व्हिनेगर वापरतात. ती पेढी १८८५ पासूनची. ते लग्नाच्या अचारात घालतात आणि त्या अचारामागून लगनाचं भरगच्च जेवण जेवतात. व्हिनेगरकडून त्यांची अपेक्षा एकच: पदार्थाला चव यावी. ती अपेक्षा व्हिनेगरनं आजवर एकदाही मोडलेली नाही.

औषध म्हणून व्हिनेगरही तसं आजचं नाही. हिपोक्रेटिसच्या काळापासून मध आणि व्हिनेगरचं मिश्रण दिलं जात आलं आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातले डॉक्टर डी. सी. जार्विस यांनी १९५८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते धो धो खपलं. आपल्याकडे जांभळाचा सिरका मधुमेहावर म्हणून विकला जातोच. सांगायचा मुद्दा, प्रत्येक पिढीला एकदा व्हिनेगर सापडतं. या पिढीला ते चघळण्याच्या रूपात सापडलं, एवढाच फरक.

द्रव व्हिनेगर अति पिणं मात्र गमतीचं नाही. ऑस्ट्रियातली एक २८ वर्षांची बाई सहा वर्षं रोज पाव लिटरपर्यंत ॲपल सायडर व्हिनेगर पीत होती. तिच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं आणि हाडं ठिसूळ झाली. नेदरलँड्समधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीनं वजनासाठी रोज एक ग्लास घेऊन दातांची झीज करून घेतली. जुन्या मधुमेहात ज्यांचं जठर आधीच मंद झालेलं असतं, त्यांचं ते व्हिनेगरनं आणखी मंदावतं, असं स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. इन्सुलिन घेणाऱ्याला हे गोत्यात आणू शकतं. या सगळ्यातून गमी सहीसलामत सुटते, कारण तिच्यात व्हिनेगर इतकं कमी आहे की ते कोणाचं वाईट करू शकत नाही. गमीचा छातीठोकपणे सांगता येईल असा आरोग्यलाभ कुठला असेल, तर तो हाच. दात मात्र तिच्याही तावडीत सापडतात. साखर, आम्ल आणि चिकटपणा हे तिन्ही एकत्र आल्यावर दातांच्या डॉक्टरांची मुलं चांगल्या शाळेत शिकतात.

तेव्हा वाचकहो, आंबटाची हौस असेल तर काकडीच्या कोशिंबिरीत, कांद्यात, सॅलडवर चमचाभर व्हिनेगर घाला. जेवणाबरोबर, पातळ करून, तोंड वाकडं न करता पोटात जाईल आणि पाचशे रुपयांची बाटली घरातल्या सगळ्यांना पुरेल. गमी आवडत असेल तर तीही खा, फक्त तिचा हिशेब पेढ्याच्या आणि बर्फीच्या ओळीत धरा. साखरेची औषधं, इन्सुलिन किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि डबी वरच्या फळीवर ठेवा, नातवाचा हात पोचणार नाही अशी. आबांचाही.